बिऱ्हाड पाठीवर : सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी सॅक भरताना

डोंगरात एकापेक्षा जास्त मुक्काम करायचे ठरले की अंथरूण-पांघरूण, शिधा, पाणी, कपडे, औषधे असे सगळे बिऱ्हाड चालणाऱ्याच्याच पाठीवर येते. या बिऱ्हाडाचे वजन कशाने वाढते, कशाने घटते आणि घटवताना कुठे थांबायचे, हा इथला विषय आहे. उदाहरणासाठी सह्याद्रीतली हिवाळी भटकंती घेतली आहे. सह्याद्रीच्या माथ्यांवर खोदीव टाकी, लेणी आणि देवळे आहेत, पदरात वस्त्या आहेत. शेकडो वर्षांची ही सोय ज्याला ठाऊक आहे त्याची सॅक हलकी होते. ज्याला ठाऊक नाही तो ती सोय घरून उचलून नेतो. हलक्या सॅकचे तंत्र बरेचसे या एका गोष्टीत आहे, आणि महागड्या सामानाचा क्रम त्यानंतर लागतो.

वजन तीन भागांत मोजतात. सॅक, झोपण्याचे सामान, जादा कपडे, भांडे, टॉर्च, औषधे हा कायमचा भाग. निघताना जेवढा, तेवढाच परतताना. शिधा, पाणी आणि इंधन हा खर्चाचा भाग. तो दर जेवणाला घटतो आणि टाक्यावर पाणी भरले की पुन्हा वाढतो. बूट, अंगावरचे कपडे आणि हातातली काठी हा तिसरा भाग. तो सॅकमध्ये नसल्याने बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि फसगत तिथेच होते. पायातले वजन वागवायला लागणारी शक्ती पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या साधारण चार ते सहा पट असते, कारण बूट दर पावलाला उचलावा, पुढे न्यावा आणि थांबवावा लागतो. अर्ध्या किलोने जड असलेली बुटांची जोडी म्हणजे पाठीवर दोन-तीन किलोंची भर. घोट्यापर्यंतचे जाडजूड बूट बर्फात किंवा फार अवजड ओझ्याखाली उपयोगी पडतात. सह्याद्रीच्या कोरड्या कातळावर चांगली पकड असलेले, हलके, पायाला सरावलेले बूट जास्त भरवशाचे असतात.

अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर चालणाऱ्यांमध्ये कायमचा भाग ९ किलोंच्या आत असला तर सॅक हलकी आणि साडेचार किलोंच्या आत असला तर अतिहलकी धरतात. हे आकडे मुळात २० आणि १० पौंडांचे आहेत. पाणी-शिध्यासह सगळे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवावे असाही प्रघात आहे. ६० किलोंच्या माणसाला ही मर्यादा १२ किलोंवर येते. ती गाठायची नसते, तिच्या बरेच अलीकडे थांबायचे असते. सह्याद्रीत हिवाळ्यातल्या दोन-तीन मुक्कामांसाठी कायमचा भाग पाच-सहा किलोंत बसवणे अवघड नाही, आणि त्यासाठी परदेशी दुकानातून काही मागवावे लागत नाही.

ओझ्याने माणूस दमतो हे सांगायला नको, पण ते नेमके कुठे नडते याविषयीची समजूत बहुधा चुकीची असते. ५ किलो जादा वजन १,००० मीटर उंच चढवण्याचे काम सुमारे ४९ किलोज्यूल भरते. अशा कामात स्नायू त्यांना मिळालेल्या ऊर्जेचा फार तर पाचवा ते चौथा हिस्सा उतरवू शकतात. तेव्हा शरीराचा खर्च पन्नास-साठ किलोकॅलरींच्या आसपास पडतो, आणि तो दहा ग्रॅम शेंगदाण्यांतून भरून निघतो. सपाटीवरच्या चालीचा जादा खर्च यात धरलेला नाही; पण तोही धरला तरी जड सॅक चालणाऱ्याला उपाशी पाडत नाही. ती नडते उतारावर. उतरताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, आणि पाठीवरचा प्रत्येक किलो त्याच पटीत तिथे पोचतो. घसाऱ्यावर पाय निसटला तर हलक्या सॅकचा माणूस बसतो आणि उठतो. जड सॅकवाल्याला ती सॅकच दरीच्या बाजूला ओढते. शिवाय ओझ्याने चाल मंदावते, चाल मंदावली की उन्हातले तास वाढतात, तास वाढले की पाणी जास्त लागते आणि मुक्कामाच्या जागी पोचेपर्यंत अंधार पडतो. डोंगरातल्या बऱ्याच फजित्या आणि काही अपघात या साखळीतून घडतात.

पायी प्रवास करणाऱ्यांना ही साखळी फार पूर्वीपासून ठाऊक होती. वाटसरूची शिदोरी एका-दोन वेळांपुरतीच असे. पुढचे जेवण पुढच्या गावात. नर्मदेची परिक्रमा करणारा आजही झोळी, पांघरूण आणि पाण्याचे भांडे एवढ्यावर निघतो, कारण काठावरचे आश्रम, सदावर्ते आणि गावकरी त्याचा शिधा सांभाळतात. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या वारकऱ्याचे अंथरूण आणि दिंडीची भांडी ट्रकमधून पुढे जातात. त्याच्या स्वतःकडे उरते ती पताका, टाळ आणि खांद्याची पिशवी. ओझे तिथेही आहेच, पण ते सगळ्यांनी मिळून वाटून घेतले आहे. धनगराची घोंगडी तर वेगळी पाहण्यासारखी. देशी मेंढीच्या जाडसर लोकरीची ही घोंगडी वजनाला चांगली भरते, तरी धनगराचे एकूण ओझे कमीच असते. ती पावसात डोक्यावरून खोळ करून घेतली की अंग झाकते, पाणी पुष्कळसे वरूनच ओघळून जाते, आणि लोकर ओली झाली तरी ऊब पुरती सोडत नाही. रात्री तीच अंथरूण किंवा पांघरूण होते, दुपारी घडी करून बसायला घेतात. चार वस्तूंचे काम एक वस्तू करते, तेव्हा तिचे वजन चौघांत वाटले जाते. हलक्या सामानाविषयीच्या आजच्या पुस्तकांत हाच नियम मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

गिर्यारोहणाने मात्र मधल्या काळात उलटी वाट धरली होती. मोठे शिखर म्हणजे मोठी फौज, अशी पद्धत पडली. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे सामान वाहायला साडेतीनशेहून अधिक हमाल लागले. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १९३४ साली, एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांसह गढवालात गेले. स्थानिक शिधा आणि मोजके सामान घेऊन त्यांनी ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या शिखरांच्या कोंदणात जाणारी वाट शोधून काढली. त्याआधीच्या अनेक प्रयत्नांना ती घळ दाद देत नव्हती. १९७५मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी काराकोरममधले गाशेरब्रुम-१ हे आठ हजारी शिखर दोघांच्याच बळावर, कृत्रिम प्राणवायूशिवाय चढून शिप्टन-टिलमन यांच्या वाटेचे पुढचे पाऊल टाकले.

पायवाटांवरची गोष्ट याहून साधी आणि जास्त उपयोगाची आहे. १९५५ साली एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजींनी अमेरिकेतली अपलाचियन पायवाट, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून लांब डोंगराळ वाट, एकटीने एका दमात पार केली. खांद्यावर हाताने शिवलेली जाड कापडाची पिशवी, तीत एक लष्करी ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, पायांत कॅनव्हासचे बूट. तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. पुढे त्यांनी ती वाट आणखी दोनदा पुरी केली. १९९०च्या दशकात रे जार्डिन यांच्या पुस्तकांनी हलके चालण्याला हिशेबी शास्त्राचे रूप दिले आणि सामान बनवणाऱ्या कंपन्या त्या मागे आल्या. आजींच्या पिशवीतल्या वस्तू आज कुणी सुचवणार नाही. पण पिशवी भरण्यापूर्वी त्यांनी जो विचार केला असेल तो अजून तसाच लागू पडतो.

तो विचार प्रत्यक्ष वाटेवर कसा उतरतो, हे अकोले तालुक्यातल्या एका चालीवरून पाहता येते. रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड, ही दोन-तीन मुक्कामांची वाट भटक्यांच्या परिचयाची आहे. रतनवाडीत अमृतेश्वराचे देऊळ आहे, रतनगडावर गुहा आणि टाकी आहेत, कुमशेत आणि पाचनई ही नांदती गावे आहेत, हरिश्चंद्रगडावर मंदिराभोवती लेणी आहेत आणि हंगामात गावकरी तिथे जेवणही देतात. चौकशी न करता निघालेला माणूस अडीच किलोंचा तंबू घेतो, तीन दिवसांचा दोन किलो शिधा, स्टोव्ह-भांडे-गॅस मिळून आणखी एक किलो आणि पाण्याची खात्री नाही म्हणून चार लिटर पाणी. हे झाले साडेनऊ किलो. त्याच वाटेवर आधी दोन फोन केलेला माणूस जमिनीवर अंथरायला पाव किलोचे मेणकापड, एका दिवसाची शिदोरी आणि अडीअडचणीचा खाऊ मिळून एक किलो आणि दोन लिटर पाणी घेतो. हे सव्वातीन किलो. सहा किलोंहून जास्त फरक पडला आणि त्यासाठी एकही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नाही.

ते दोन फोन मात्र नीट करावे लागतात. कुमशेतमध्ये किती जण जेवणार, कोणत्या वेळी पोचणार, हे आदल्या दिवशी कळवले तरच घरातल्या बाईला पिठलं-भाकरीची तयारी ठेवता येते. अवेळी दहा जण दारात उभे राहिले तर तिचे त्या रात्रीचे वेळापत्रक कोलमडते, आणि हलक्या केलेल्या सॅकचे ओझे भलत्याच माणसावर पडते. जेवणाचे आणि वाटाड्याचे योग्य पैसे देणे हा सॅक भरण्याचाच भाग मानला पाहिजे. हा टापू कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. गुहेत मुक्काम करू देतात का, तंबू लावू देतात का, हे त्या त्या हंगामात वनखात्याकडे किंवा गावात विचारूनच ठरवावे. माहितीही शिळी होते. डिसेंबरात काठोकाठ असलेले टाके एप्रिलमध्ये तळाला गेलेले असू शकते. मागच्या वर्षीच्या आठवणीवर दोन लिटर पाणी कमी करणे हा धोका आहे.

सामानाकडे वळताना सॅकपासूनच सुरुवात करावी लागते, कारण सॅक जेवढी मोठी तेवढी ती भरली जाते. ७० लिटरच्या सॅकमध्ये जागा उरली की उशी जाते, दुसरी चप्पल जाते, न वाचले जाणारे पुस्तक जाते. हिवाळी सह्याद्रीला ४५ ते ५० लिटर पुष्कळ झाले. रिकाम्या सॅकचे वजन दीड किलोच्या आत असावे, पण कंबरपट्ट्याशी तडजोड करू नये. १९५२मध्ये डिक केल्टी यांनी अमेरिकेत अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅका विकायला सुरुवात केली, आणि पुढे कंबरपट्टा रुळला तसे ओझे खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरले. पट्टा पोटावर बांधला तर श्वास अडखळतो आणि ओझे पुन्हा खांद्यांवर जाते. तो कमरेच्या दोन्ही बाजूंच्या टणक हाडांवर बसला पाहिजे. खांद्याचे पट्टे ओझे उचलण्यापेक्षा ते पाठीला चिकटवून ठेवण्यासाठी असतात.

झोपण्याच्या सामानात वजन सर्वांत जास्त लपते. हिवाळ्यात घाटमाथ्यावर पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, तरी बर्फातली दोन किलोंची स्लीपिंग बॅग इथे लागत नाही. एक किलोच्या आसपासची पुरते. थंडी वरून जितकी येते त्याहून जास्त खालच्या कातळातून येते. म्हणून पाव किलोची फोमची कॅरीमॅट कधीही टाळू नये. ती नसली तर जाड स्लीपिंग बॅगही गारठते, कारण अंगाखाली दबलेल्या भरावात हवा राहत नाही. पिसांच्या बॅगा वजनाला फार हलक्या असतात, पण भिजल्या की त्यांची ऊब जाते. कृत्रिम धाग्यांच्या थोड्या जड असतात, पण ओल्या झाल्या तरी काही ऊब धरून ठेवतात. ओल्या गुहांच्या आणि धुक्याच्या प्रदेशात दुसरा प्रकार बरा.

कपड्यांचा नियम एका ओळीचा आहे: एक जोड चालायचा, एक झोपायचा. चालायचा जोड घामाने भिजला तरी दुसऱ्या दिवशी तोच घालावा, आणि झोपायचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा राखावा. जादा फक्त मोज्यांची एक जोडी, एक स्वेटर किंवा हलके जाकीट आणि कानटोपी. जीन्स घरी ठेवावी. ती कोरडी असतानाच जड असते, भिजल्यावर कितीतरी जास्त जड होते आणि गुहेच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही.

याउलट साधा सुती पंचा. घडी केली तर तो हाताच्या पंजात मावतो, वजन जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम, आणि विणीतून पलीकडचे बोट दिसते. ही विरळ वीणच त्याचा गुण आहे: टर्किश टॉवेल पाणी पिऊन तास न् तास ओला राहतो, पंचा पिळून सॅकच्या पट्ट्यावर टाकला की चालता चालता वाळतो. सकाळी तो तोंड पुसतो, दुपारी भिजवून डोक्याला गुंडाळला की ऊन सुसह्य करतो. चुलीवरचे पातेले उतरवायला तो चिमटा होतो. टाक्याच्या पाण्यातली पाने आणि किडे त्याच्या दुपदरी घडीतून गाळले जातात. अर्थात त्याने पाणी निर्मळ दिसते, निर्जंतुक होत नाही. हात मुरगळला तर गळ्यात बांधून झोळी होते. हलक्या सामानाच्या दुकानात अशा कामांसाठी चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. देशावरच्या आणि कोकणातल्या पायी फिरणाऱ्याकडे ही एकच होती आणि अजून तिच्याहून चांगली सापडलेली नाही.

पाण्याच्या बाबतीत कोणतीच युक्ती चालत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. इथे वजन घटते ते फक्त पाणी कुठे आहे हे कळल्याने. उमेदीने चढताना माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळू शकतो, तेव्हा पुढच्या खात्रीच्या पाणवठ्यापर्यंतचे तास मोजावेत, त्यावर एक लिटर राखीव धरावे आणि तेवढेच भरावे. निघण्यापूर्वी पाणवठ्यावरच पोटभर पिऊन घ्यावे. टाक्यातले पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्यावे. या गोळ्यांचे वजन काही ग्रॅमच असते. जाड धातूची बाटली रिकामी असतानाच तीनशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरते, साध्या प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या मिळून तिच्या पावपट. त्या बाटल्या गडावर टाकून द्यायच्या नसतात, हे इथे मुद्दाम लिहावे लागावे इतका कचरा टाक्यांच्या काठावर दिसतो, आणि ते पाहून वाईट वाटते.

शिध्यात वजन म्हणजे बहुधा पाणीच. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८०-९० किलोकॅलरी असतात, तेवढ्याच कोरड्या पोह्यांत साडेतीनशेच्या आसपास आणि शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून आणि प्रथिनांतून ४. या हिशेबाने मराठी स्वयंपाकघर डोंगरासाठीच मांडले असावे असे वाटते. शेंगदाण्याची चिक्की, तुपातले बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू, तिळगूळ, मेतकूट, कोरडी लसणाची चटणी, भाजणीचे पीठ हे सगळे कमी वजनात जास्त बळ देणारे आणि टिकाऊ. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती मऊ राहते आणि साध्या पोळीहून अधिक टिकते. प्रवासाच्या शिदोरीत तिचे मानाचे स्थान त्यामुळेच होते. रवा घरीच तुपात भाजून, फोडणी आणि सुके खोबरे मिसळून डब्यात भरला तर गडावर उकळते पाणी ओतून पाच मिनिटांत उपमा होतो. प्रत्येक गोष्टीचा मूळ खोका, बरणी आणि डबा घरी काढून पातळ पिशव्यांत मोजून भरले तर काही पदार्थांचे अर्धे वजन आवरणाचेच होते हे लक्षात येते. एका माणसाला दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम कोरडा शिधा पुरतो.

खिचडी हा सह्याद्रीतल्या मुक्कामाचा जुना खाना. तांदूळ-डाळ कोरडी असल्याने वजनाला परवडते, पण तिला पाणी, भांडे आणि बराच वेळ आच लागते. १,४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून ती घरच्यापेक्षा जरा उशिराच शिजते. दुपारी मुक्कामाला पोचताच डाळ-तांदूळ भिजत घातले तर बरेच इंधन वाचते. अभयारण्यात लाकडे पेटवता येत नाहीत. झाडे तोडून चूल मांडण्याचे दिवस गेले आणि ते बरेच झाले. छोटा गॅस स्टोव्ह घ्यावा तर त्याचा डबा रेल्वेत आणि विमानात नेता येत नाही, तो पायथ्याजवळच्या शहरातच मिळवावा लागतो. दोन रात्रींसाठी कोरड्या शिदोरीवर भागवणे आणि एक वेळ गावात जेवणे हा सर्वांत हलका मार्ग.

चौघांचा गट असेल तर हिशेब आणखी सुधारतो. एक स्टोव्ह, एक मोठे भांडे, एक औषधांची पिशवी, एक दोर, एक पॉवर बँक असे सामान निघण्यापूर्वी एकत्र बसून वाटून घ्यावे. हे ठरवले नाही तर चौघांकडे चार चाकू, चार पॉवर बँका आणि मिठाचा दाणा कुणाकडेच नाही, असे हमखास होते. १०,००० एमएएचची एक बँक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. चार आणल्या तर पाऊण किलोहून जास्त. टॉर्च, शिट्टी, स्वतःची औषधे, पाणी आणि एका वेळचा खाऊ मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्येच हवा, कारण धुक्यात एखादा मागे राहिला तर सामाईक सामान दुसऱ्याच्या पाठीवर असते.

वजन घटवण्याचा नाद लागला की माणूस जिथे थांबायचे तिथे थांबत नाही. टॉर्च आणि तिचे जादा सेल, पावसापासून आडोसा, औषधे, जलसंजीवनीची पुडी, काड्यापेटी प्लॅस्टिकमध्ये, जादा खाऊ, छापील किंवा फोनमध्ये उतरवलेला नकाशा, ही यादी कमी करायची नसते. या सगळ्यांचे मिळून वजन दीड किलोच्या आत बसते. सॅक हलकी करायची असेल तर तंबूपासून, स्लीपिंग बॅगेपासून, जीन्सपासून, सॅकच्या स्वतःच्या वजनापासून सुरुवात करावी. ब्रशचा दांडा तोडून चार ग्रॅम वाचवणारा पण टॉर्च घरी विसरलेला माणूस हलका झालेला नसतो. सर्पदंशावरच्या घरगुती उपायांचे सामानही सॅकमध्ये नको. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून माणसाला लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात पोचवणे आणि त्यासाठी जवळच्या गावाची माहिती असणे, एवढेच खरे सामान.

ऋतू बदलला की यादी बदलते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैमध्ये पन्हाळगडाहून पावनखिंडीमार्गे विशाळगडापर्यंतच्या चालीत भिजणे टळत नाही. तिथे सगळा भर झोपायचा जोड आणि स्लीपिंग बॅग कोरडी राखण्यावर असतो. सॅकवरचे आवरण पाठीच्या बाजूने उघडेच असते, म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सगळे भरणे अधिक खात्रीचे. कोकणातल्या लावणीत वापरले जाणारे बांबू-पानांचे इरले वाकून काम करण्यासाठी उत्तम असले तरी धारेवरच्या वाऱ्यात टिकत नाही, छत्रीही नाही. उन्हाळ्यात स्लीपिंग बॅगेऐवजी एक चादर पुरते. पण पाण्याचा भार चार-पाच लिटरांवर जातो आणि सॅक हिवाळ्याहून जडच होते. म्हणून उन्हाळ्यातली चाल रात्री किंवा पहाटे ठेवावी आणि लहान ठेवावी. हिमालयात गुहा, टाकी आणि वाटेवरच्या वस्त्या यांचा आधार अनेक ठिकाणी नसतो. तिथे तंबू, ऊबदार थर आणि जास्तीचा शिधा यांना कात्री लावू नये. सह्याद्रीत शिकलेला हलकेपणा तिथे जसाच्या तसा नेल्यास जिवावर बेतू शकते.

प्रत्यक्ष भरताना निघण्याच्या दोन दिवस आधीच सगळे सामान फरशीवर मांडावे आणि ताणकाट्याला अडकवून एकेक वस्तू मोजावी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लहान वस्तूंसाठी जास्त अचूक. प्रत्येकीचे ग्रॅम एका कागदावर लिहिले की नजरेला न दिसलेले वजन दिसू लागते. भरण्याचा क्रम असा: तळाशी स्लीपिंग बॅग, मधल्या भागात पाठीला टेकून शिधा आणि पाणी अशा जड वस्तू, बाहेरच्या बाजूला कपडे, वरती पावसाचे कापड आणि औषधे, कंबरपट्ट्याच्या कप्प्यात खाऊ. जड वस्तू पाठीपासून दूर गेली तर सॅक मागे ओढते आणि चढावर माणूस पुढे वाकून चालतो. सॅक भरून पाठीवर घ्यावी आणि पाण्यासह तासभर इमारतीच्या जिन्याने वर-खाली करावे. खांदा कुठे घासतो, कुठले बक्कल सैल आहे, हे घरीच कळते.

परतल्यावर सॅक लगेच मोकळी करून तिचे तीन ढीग करावेत: रोज वापरलेले, एकदा वापरलेले, मुळीच न वापरलेले. तिसऱ्या ढिगातून औषधे, दोर आणि आडोसा वेगळे काढावेत; ते पुढच्या वेळीही जातील. उरलेले पुढच्या यादीतून खोडावे, आणि कागदावर वाटेत कुठल्या टाक्यात किती पाणी होते, कुठली गुहा कोरडी होती, गावात कुणी जेवण दिले, हे तारखेसह नोंदवावे. स्लीपिंग बॅग बाल्कनीत सावलीत पूर्ण वाळवून, तिच्या घट्ट पिशवीत न कोंबता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.